वीस सेकंदांचं आभाळ

चौतीस वर्षं मी समोरच्या माणसाला "हलू नका" असं सांगत आलो. पासपोर्ट फोटोला बसलेले म्हातारे, जावळाची लेकरं, स्टेजवरचे नवरा-नवरी, शेंद्र्याच्या कारखान्यांतले गिअर आणि पाइप, सगळ्यांना हेच. त्यातले गिअर तेवढे ऐकायचे. साठी जवळ आल्यावर मात्र मला असं एक गिऱ्हाईक भेटलं, की त्याच्यापायी जे कधीच थांबत नाही त्याचा फोटो काढायला शिकावं लागलं.

पुंडलिकनगरात माझा छोटा स्टुडिओ आहे. त्याआधी मी शहागंजच्या मागं रहीमचाचांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. रीळ टाकून फोटो काढायचे दिवस होते ते. चुकलं तर चार दिवसांनी कळायचं. चाचा म्हणायचे, "मियाँ, सूरत बाद में देखो. पैले ये देखो के रोशनी किधर से आ रई और कित्ती आ रई." सगळा धंदा या एका वाक्यात बसतो. बाहेरच्या माणसाला मी तो नळाच्या उदाहरणानं समजावतो. कॅमेऱ्यात उजेड घेणं म्हणजे नळाखाली बादली भरणं. लेन्सचं भोक म्हणजे तोटी केवढी सोडली ते. शटर म्हणजे ती किती वेळ सोडून ठेवली ते. आणि तिसरं असतं आयएसओ. बादलीत थोडंच पाणी पडलं, तर ते फुगवून भरल्यासारखं दाखवायची ती युक्ती. जास्त फुगवलं की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला हे उदाहरण लगेच पटतं.

चाचांकडून उजेड शिकलो, तसं कॉम्प्युटर आल्यावर स्वतःच्या अकलेनं खोटंही शिकलो. परदेशात अडकलेला नवरदेव साखरपुड्याच्या फोटोत नवरीशेजारी उभा केला. एका गृहस्थांकडं वडलांचा एकच फोटो होता आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. मी वडलांच्याच धाकट्या भावाचे डोळे काढून तिथं बसवले. ते गृहस्थ फोटो बघून रडले. मला वाटलं, खोटं असलं तरी माणसाच्या उपयोगी पडतंय, मग काय बिघडलं? या समजुतीत मी बरीच वर्षं सुखात होतो.

साळवेबाई आल्या त्या दिवाळीनंतरच्या एका दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि माझ्या दुकानात शिरलं की पहिली दोन-तीन पावलं अंधाराची. त्या आत आल्या त्या सरळ स्टुलावर धडकल्या. स्टूल पडलं, त्याच्या धक्क्यानं लाइटचा स्टँड पडला.

मी वैतागून म्हणालो, "अहो, दिसत नाही का?"

"नाही दिसत," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिवा लावा, म्हणजे दिसेल."

मी असतील नसतील ते सगळे दिवे लावले. साठी ओलांडलेल्या बाई, निळ्या काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. कुसुम साळवे. जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान आणि भूगोल शिकवून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. माहेर दौलताबादजवळ, किल्ल्याच्या दक्षिणेला त्यांच्या भावाची शेती. आता मुलाकडं राहायच्या, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता.

फोटो झाला. उठता उठता त्यांनी विचारलं, "रात्रीच्या आभाळाचा फोटो काढता का हो तुम्ही?"

"काढतो की." धंद्यात नाही म्हणायचं नसतं.

"मृग नक्षत्र ओळखू येईल असा?"

"येईल ना. न यायला काय झालं?"

"मग आमच्या शेतातून दिसतं तसं आभाळ मला काढून द्या. मोठं. भिंतीएवढं नको, पण मोठं."

हौस म्हणून हवं असेल, असं मला वाटलं. शोभेसाठी का, म्हणून विचारलं, तर त्या पुन्हा स्टुलावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन सांगू लागल्या. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला जन्मापासूनचा आजार. अंधार पडला की दिसणं संपलं. उजेडात दिसतं, पण वर्षागणिक कडेनं मिटत येतंय, आता नळीतून बघावं तेवढंच मधलं उरलंय.

"मी आजवर एकही तारा पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी मला वाटायचं, अंधारात कुणालाच काही दिसत नसणार. घरातली माणसं भुताखेतांचं बोलतात, तसंच ताऱ्यांचंही बोलतात. असतील, म्हणायचं आपलं. मग एकदा गुरुजींनी वर्गात सांगितलं, आज रात्री सप्तर्षी बघा आणि उद्या पाटीवर काढून दाखवा. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांनी काढले. एकमेकांच्या पाटीत न बघता सगळ्यांचे सारखेच आले. तेव्हा मला कळलं, हे खरं आहे. आणि मला सोडून सगळ्यांना दिसतं."

मी उगाच कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागलो. बाईंनाच माझी अडचण कळली असावी. त्या हसून म्हणाल्या, "आणि पुढं मी तेच शिकवलं बघा. तीस वर्षं. फळ्यावर अख्खं आभाळ काढायची, नकाशे पाठ होते. पोरांना सांगायची, रात्री बघून या आणि मला सांगा. ती सांगायची, मी ऐकायची. एखादं म्हणायचं, बाई, तुम्हीपण या ना आमच्यासंगं रात्री. मी म्हणायची, मला गारठा सोसत नाही."

शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, संध्याकाळचा कार्यक्रम टाळायचा, लग्नाला सकाळचा मुहूर्त असेल तरच जायचं. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी ते लपवलं आणि नंतर लपवायची सवयच झाली.

"डॉक्टर म्हणतात, मधलं आहे ते अजून दोनेक वर्षं राहील. तेवढ्यात बघून घ्यावं म्हणते."

मी छातीठोकपणे हो म्हणालो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कॅमेरा घेऊन दौलताबादकडं गेलो. लग्नाच्या मांडवात, पावसात, धुरात, कुठंही फोटो काढलेला माणूस मी. तारे तर आयते चमकत होते, त्यांचं काय अवघड? रस्त्याच्या कडेला गाडी लावली, किल्ल्याकडं तोंड केलं आणि बटण दाबलं. फोटो कोळशासारखा काळा. शटर वाढवलं, एक ट्रक गेला आणि त्याच्या दिव्यांनी फोटो दुधासारखा पांढरा. आणखी वाढवलं, तर ताऱ्यांच्या जागी लहान लहान रेघोट्या आल्या, तांदळात अळ्या पडाव्यात तशा. एकदा तर कॅमेराच बंद पडला. शटर मिटल्यावरही काही दाखवीना, बटण ऐकेना. नंतर कळलं की तो बंद पडला नव्हता. लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून आणखी एक काळा फोटो घेतो आणि दाणे पुसतो. मला ते माहीत नव्हतं. कॅमेऱ्याला आणि थंडीला शिव्या देत मी घरी आलो.

आणि मग मी ते केलं, जे मला उत्तम येत होतं. दिवसा काढलेला किल्ल्याचा एक फोटो घेतला, त्याचं आभाळ कापलं, आणि कॉम्प्युटरवर तयार मिळणारं ताऱ्यांनी खचाखच भरलेलं आभाळ किल्ल्यामागं लावलं. आकाशगंगा, निळा-जांभळा रंग, सगळं. दिसायला इतकं देखणं झालं, की मी त्याच्या दोन प्रिंट काढल्या. एक दुकानाच्या काचेत लावायला.

बाईंनी ती प्रिंट दुपारच्या उन्हात, दाराशी उभं राहून पाहिली. पिशवीतून भिंग काढलं आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. एखाद्या शेतात पेरा करत जावं तशी त्यांची नजर ओळीनं सरकत होती. दहा मिनिटं तरी गेली असतील. मी चहा सांगितला होता, तो निवला.

"किल्ला कुठून काढलात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या शेताच्या अंगानंच की. दक्षिणेकडून."

"म्हणजे फोटोत दिसते ती उत्तर."

"हो."

त्यांनी किल्ल्याच्या माथ्यावरच्या चार ताऱ्यांवर बोट ठेवलं. "हा त्रिशंकू आहे, देविदासराव. आपल्याकडं तो उन्हाळ्यात दिसतो, दक्षिणेला, अगदी जमिनीलगत. उत्तरेला, किल्ल्याच्या डोक्यावर तो या जन्मात येणार नाही." भिंग मिटून त्यांनी पिशवीत ठेवलं. "हे आभाळ ऑस्ट्रेलियाकडचं असावं."

एकही तारा न पाहिलेल्या बाईनं माझी चोरी ताऱ्यांवरून पकडली होती.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुस्तकातलं आभाळ माझ्याकडं होतंच हो. तेच तुम्ही रंगवून आणलंत."

त्या पायरी उतरायला लागल्या. मी मागं धावलो. भर रस्त्यात, शेजारचा किराणावाला बघत असताना, साठीच्या माणसानं हात जोडले. म्हणालो, "बाई, मला येत नाही. मी खोटं बोललो. पण शिकेन. मला दोन महिने द्या."

बाई उन्हात डोळे किलकिले करून माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "विद्यार्थ्यानं येत नाही म्हटलं की माझा राग जातो. वही आहे का? घ्या लिहून." आणि भावाचा, भीमरावचा, फोन नंबर त्यांनी मला सांगितला.

भीमराव म्हणजे पंचावन्न-साठीचा, काटक माणूस. पेरूची बाग, थोडा गहू. मी पहिल्या रात्री तिपाई घेऊन त्याच्या शेतात उतरलो तेव्हा तो म्हणाला, "आभाळाचा फोटू काढायला शेरातून आले व्हय? तिथं आभाळ नाय का?"

"तिथं दिवे लई आहेत, भीमराव."

"मंग ती बॅटरी इझवा ना आधी. दिवा हातात धरून अंधार पाह्यला आले!"

पहिला धडा हा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा बॅटरी लावली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मी बॅटरी विझवून बांधावर बसलो. भीमराव शेजारी बसला. पूर्वेकडं शहराचा नारिंगी उजेड क्षितिजावर साचला होता, त्यातच कुठंतरी शेंद्र्याचे कारखाने. पण दक्षिण अंगाला आणि डोक्यावर आभाळ काळं होतं. आधी पंधरा-वीस तारे दिसले. मग पन्नास. मग एका क्षणी लक्षात आलं की मी मोजायचं थांबवलंय. एकामागून एक वर येत होते, विहिरीत झरे फुटावेत तसे. मी चौतीस वर्षं माणसांवर उजेड पाडत आलो होतो, पण मान वर करून अर्धा तास बसलो नव्हतो. माझं तोंड उघडं राहिलेलं भीमरावनं अंधारातही पाहिलं असणार, कारण तो हळूच हसला.

"आक्का लहानपणी अंधार पडला का माझ्या सदऱ्याचं टोक धरून चालायची," तो म्हणाला. "मला वाटं, भितीय. मी मुद्दाम पळायचो, मंग ती पडायची. कळत नव्हतं वो मला."



शिकवणी अशी सुरू झाली. ढग नसतील त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून शेतात जायचं आणि बाईंना फोन लावायचा. त्या घरी दिव्याखाली नकाशा पसरून बसलेल्या. मी अंधारात फोन कानाला लावून उभा.

"दक्षिणेला तोंड करा. आता मान वर. तीन तारे एका रेघेत, सारख्या अंतरावर. सापडले?"

"सापडले, बाई."

"तो मृगाच्या पोटातला बाण. तीच रेघ खाली डावीकडं वाढवा. सगळ्यांत ठळक तारा लागेल."

"लागला. लई झगझगीत आहे."

"तो व्याध. कसा झगझगीत? नीट सांगा."

मी फोटोग्राफर, मला सांगता येईना. म्हणालो, "वेल्डिंगची ठिणगी लांबून बघावी तसा. पण शांत नाही, लुकलुकतोय." बाई "हं" म्हणायच्या आणि मला वाटायचं, त्या ते कुठंतरी लिहून ठेवत असाव्यात.

कुठं बघायचं ते त्या शिकवत होत्या. कसं काढायचं ते मला माझ्या चुका शिकवत होत्या. तारा थांबत नाही, खरं तर आपल्या पायाखालची पृथ्वीच फिरते, त्यामुळं शटर फार वेळ उघडं ठेवलं की ठिपक्याची रेघ होते. त्याचा एक सोपा ठोकताळा आहे. पाचशेला लेन्सच्या आकड्यानं भागायचं, जे उत्तर येईल तेवढे सेकंद मिळतात. माझी लग्नातली पन्नासची लाडकी लेन्स दहाच सेकंद देत होती. चोवीसची रुंद लेन्स लावली तर वीस मिळाले. म्हणजे ठरलं, तोटी पूर्ण सोडायची, वीस सेकंद थांबायचं, आणि आयएसओ तीन हजार दोनशेवर न्यायचा. लग्नात एवढा आयएसओ लावला असता तर नवरीच्या आईनं मला मांडवाबाहेर काढलं असतं.

तरी तारे बुंदीच्या दाण्यांसारखे फुगलेले यायचे. फोकस चुकत होता. अंधारात कॅमेऱ्याला स्वतःहून काही सापडत नाही आणि लेन्सवरची अनंताची खूण नेमकी अनंतावर नसते, हे मला त्या वयात कळलं. मग व्याधालाच पडद्यावर मोठं करून लेन्स केसभर मागं-पुढं फिरवत, तो सुईच्या टोकाएवढा होईस्तोवर थांबायचं. बटण बोटानं दाबलं तरी कॅमेरा हलायचा, म्हणून वायरचं बटण आणलं. वाऱ्यानं तिपाई थरथरायची, भीमरावनं खताच्या गोणीत दगड भरून ती तिला टांगली. एकदा सगळं जमलं आणि लेन्सवर दव पडलं. सगळे फोटो धुक्यातले. भीमरावनं डोक्याचा रुमाल काढून लेन्सभोवती गुंडाळला. त्याचे धागे पुढं बरेच दिवस त्या लेन्सवर राहिले, पण दव धरायचं थांबलं.

पौषातली अमावस्या आली. घरातून निघताना बायको म्हणाली, "आज अमावस्या, आजच जायचं का?" मी म्हणालो, "आजच जायचं, बाकीच्या रात्री चंद्र नडतो." त्या रात्री नऊच्या सुमाराला हवा कोरडी होती, वारा पडलेला. कॅमेरा उभा धरला. खाली बांधावरच्या बाभळीचा शेंडा, वर आभाळ. वायरचं बटण दाबलं आणि तोंडानं आकडे मोजले. वीसला शटर मिटलं.

पडदा उजळला आणि मी बांधावर बसलो. मृग तर होताच. पण त्याच्याभोवती डोळ्यांनी दिसत नव्हते एवढे तारे. बाणाखाली धुरासारखा एक फिका गुलाबी ठिपका. आणि रंग! मृगाच्या वरच्या खांद्याचा तारा निखाऱ्यासारखा तांबडा, खालच्या पायाचा निळसर पांढरा. ते रंग मी घातलेले नव्हते. वीस सेकंद डोळा उघडा ठेवायचा धीर धरला तर ते असतातच. माणसाचा डोळा उजेड साठवून ठेवू शकत नाही, कॅमेरा ठेवतो, एवढाच काय तो फरक. चाचा असते तर मी तो फोटो त्याच रात्री त्यांच्या घरी नेऊन दाखवला असता.

प्रिंट काढताना मी काही केलं नाही. हात कितीदा तरी शिवशिवले, शहराच्या बाजूचा नारिंगी डागसुद्धा तसाच ठेवला.

बाई आल्या. पुन्हा तेच दार, तेच ऊन, तेच भिंग. यावेळी मी चहा सांगितला नाही, कारण तो मलाच गेला नसता. त्यांनी खालपासून सुरुवात केली.

"ही बाभळ आमच्या बांधावरची." भिंग वर सरकलं. "हा अगस्ती. बरोबर, इथंच हवा." आणखी वर. "हा व्याध." मग त्या बराच वेळ एकाच जागी थांबल्या. "देविदासराव, हा वरचा तारा तांबडा आहे?"

"आहे, बाई. मी काही केलेलं नाही त्याला."

"काक्षी. आणि हा खालचा राजन्य निळसर. ताऱ्यांना रंग असतात असं मी दरवर्षी शिकवायची. पोरं म्हणायची, बाई, सगळे पांढरेच तर दिसतात. मी म्हणायची, नीट बघा. मला स्वतःला कुठं माहीत होतं?"

त्यांनी पुन्हा व्याधावर बोट ठेवलं. "याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांच्या वर लागतात. हा निघाला तेव्हा मी नोकरीत होते." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. मी काचेतल्या फोटोंकडं बघत उभा राहिलो. ऑस्ट्रेलियाची प्रिंट मी तिथून केव्हाच काढली होती.

ती प्रिंट आता त्यांच्या खोलीत खिडकीसमोर आहे, जिथं सकाळचं ऊन पडतं तिथं. या दिवाळीच्या आधी भेटलो तेव्हा म्हणाल्या, आता मृग एका नजरेत मावत नाही, एकेक तारा करून बघावा लागतो. पण प्रिंट घेऊन गेल्या त्या दिवशी, ती गुंडाळता गुंडाळता, त्यांनी मला आणखी एक काम सांगितलं होतं, आणि मला खरं तर तेच लिहायचं आहे.

"मला तिथं न्या," त्या म्हणाल्या. "रात्री."

"बाई, तुम्हाला तिथं..."

"काही दिसणार नाही, माहीत आहे. तरी न्या."

पुढच्या अमावस्येला, संध्याकाळी सातच्या पुढं मी त्यांना गाडीतून शेतात नेलं. गाडीचे दिवे विझवले आणि त्यांचं सगळं जग विझलं. मला वाटलं, घाबरतील. भीमराव पुढं आला, त्यानं आपला हात त्यांच्या हातात दिला आणि एकेक पाऊल टाकत त्यांना बांधापर्यंत आणलं. "इथं सरी हाय, आक्का. आता उतार हाय. सावकाश." खाटेवर बसवलं, शाल दिली.

मी कॅमेरा लावला, फोकस केला आणि वायरचं बटण बाईंच्या हातात दिलं. "दाबा. आणि वीसपर्यंत मोजा."

त्यांनी दाबलं आणि मोजायला सुरुवात केली. वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशी, मोठ्यानं, एका लयीत. तोंड वर केलेलं. त्या काळोखात त्यांना काही दिसत नव्हतं आणि तरी त्या वर बघत होत्या. "एकोणीस. वीस." शटर मिटलं.

अंधारात काम करताना आम्ही कॅमेऱ्याचा पडदा अगदी मंद ठेवतो. मी तो होता तेवढा उजळ केला आणि कॅमेरा तिपाईवरून काढून त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. तो पांढरा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. चष्म्याच्या काचांत मला मृग दिसला, इवलासा.

"हे आत्ताचं?" त्या कुजबुजल्या.

"आत्ताचं. तुम्ही काढलेलं."

"आणि हे सगळं आत्ता इथं वर आहे?"

"आहे, बाई."

त्या उठून उभ्या राहिल्या. "व्याध कुठं आहे, दाखवा."

"समोर, जरा डावीकडं..."

"तोंडानं नको. माझा हात धरून दाखवा."

मी त्यांचं मनगट धरलं, बोट सरळ केलं आणि हात वर नेत नेत व्याधावर आणला. "हा इथं." मग मनगट उजवीकडं, आणखी वर. "हा बाण." आणखी वर. "ही तांबडी काक्षी." प्रत्येक जागी त्या थोडं थांबायच्या, जणू बोटाला काही लागतंय. मग म्हणाल्या, "सोडा आता," आणि त्यांनी स्वतःहून हात पुन्हा खाली आणला, बरोबर व्याधावर. मी त्यांच्या खांद्यामागून बोटाच्या रेषेत पाहिलं. तसूभरही चूक नव्हती.

तशाच उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गव्हावरून गार वारा यायला लागला. शाल खांद्यावरून घसरली, ती भीमरावनं उचलून पुन्हा पांघरली.

"आक्का," तो म्हणाला, "हात दुखंल."

"दुखू दे," त्या म्हणाल्या.